लाकडी टेकू

खाणीत त्यांना सगळे ठोक्यामामा म्हणत. रोज सकाळी पहारीनं छत ठोकायचं, कान देऊन ऐकायचं आणि माणसं आत सोडायची की नाही ते सांगायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. छत खणखणीत वाजलं तर शाबूत, बद्द वाजलं तर पोकळ. त्या दिवशी मात्र ते ना धड खणखणीत वाजलं, ना बद्द.

“मामा, कान गेले का म्हातारपणी?” मुकादम म्हणाला. “चांगले बारा लोखंडी टेकू दिलेत की!”

“लोखंड मुकं असतं, बाबा. मोडेपर्यंत तोंड उघडत नाही. मला काही कळत नाहीये, तर लाकडाला विचारू.”

मुकादमानं हसत हसत एक ओंडका छताखाली ठोकून बसवला. अठरा माणसं बाहेर खोळंबली. घटकाभरानं लाकूड कुरकुरलं, मग त्याची साल टरकन फाटली. वरचा अख्खा डोंगर खाली सरकला होता आणि कुणाला चाहूलही लागली नव्हती.

मुकादमानंच सगळ्यांना मागं रेटलं. मामांनी डोक्यावरचा टोप काढला.

“एवढं मोठं धूड,” ते हळूच म्हणाले, “आणि पाऊल किती हलकं!”