चौकातली वाकलेली बाई

सेलोकर सर माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी हाताकडे. चित्रकलेच्या तासाला मी डोंगर-सूर्य काढून मोकळा झालो की वही परत यायची. "अबे, हात काढ. तोंड लबाड राह्यते, हात नाई."

निवृत्तीनंतर दुसऱ्या कुणी घरावर मजला चढवला असता, सरांनी अंगणात भट्टी बांधली. मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा लेप, मेण वितळून गेलं की त्या पोकळीत कासं. अड्याळच्या बाजारात बसून भाजीवाल्या बायांचे हात ते कागदावर उतरवून आणत. आमच्या चौकासाठी वाकून धानाची रोपं लावणारी, रोवणी करणारी बाई ओतायची ठरली, तेव्हा घराघरांतून पाणी भरायचे तांब्याचे फुटके गुंड, कास्याच्या थाळ्या आल्या. भट्टीत टाकण्याआधी सर भांड्यावर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचत. माझ्या गेलेल्या आईच्या नावाशी थांबून म्हणाले, "तुही माय आता चौकात राहीन."

काही वर्षं बाई सुखानं वाकून होती. मग एका बड्या पाहुण्याचा दौरा ठरला आणि पंचायतीला साक्षात्कार झाला, की बाईची पाठ नेमकी रस्त्याकडे आहे. तिला फिरवा, असा निरोप गेला. सर उखडले. "तिच्या समोर बांधी हाय. ते धान लावून राह्यली, तुमच्या पाहुण्याले कायले पाहीन?"

बाई हलवायचा ठराव आला. मी पंचायतीचा सदस्य. सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला. सर दाराशी उभे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

बाई गोदामात गेली, तिथून भंगारात. कुणी विकली हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि विचारलं तर कुणालाच नाही. चौकात आता कोरडं कारंजं आहे. सर भंगारवाल्याकडे पोचले तोवर तिचे तुकडे झाले होते. त्यांनी एक हात तेवढा घरी आणला, मुठीत धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची जुडी असलेला. त्यानंतर भट्टी पेटली नाही. मी लाजेनं त्यांच्या घरी गेलो नाही, आणि पोळ्यानंतर ते गेले.

तेरवीला त्यांच्या मुलीनं तो हात कापडात गुंडाळून माझ्यापुढे धरला. "बाबानं तुमच्यासाठी ठेवला होता."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, त्याची माय कोणत्या तुकड्यात गेली, मले नाई मालूम. याच्यातच हाय म्हणून दे त्याले."

घ्यायला मी हात पुढे केला. सभेत वर केला होता, तोच.