तिसऱ्या कमानीवरची ओल

जगातली प्रत्येक इमारत आपल्याच देखरेखीखाली आहे, असं मानणारा माणूस साऱ्या कॅलिफोर्नियात एकच होता आणि तो सनीव्हेलला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. काका नागपूरचे, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले इंजिनिअर, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. आल्या दिवशीच त्यांनी आमच्या अपार्टमेंटच्या भिंतीवर टिचकी मारली आणि "पुठ्ठा आहे बाप्पा" म्हणून तिचा निकाल लावला. इथला तो प्रसिद्ध लाल पूल दाखवायला नेलं, तर समुद्राकडे पाठ करून कठड्याचे बोल्ट तपासत बसले. मुलगा शनिवारीही ऑफिसात, त्यामुळे त्यांना फिरवायचं काम माझ्या गळ्यात.

मग एकदा तो जुना कॉन्व्हेंट सापडला. रेनेसाँ काळातल्या इटालियन मठांच्या धर्तीवर बांधलेला. नन्स केव्हाच गेल्या होत्या, आता ऐतिहासिक वास्तू म्हणून जपलेला. काका दारात चपला काढून आत गेले आणि तिथलेच झाले. मधलं अंगण, दगडी कमानी, नन्सच्या एवढ्याशा खोल्या. आपल्या विहारांत भिक्खूंच्या खोल्या अश्शाच, माणसाला जागा किती लागते हे बांधणाऱ्याला कळत होतं, असं म्हणाले. तेवढ्यात त्यांना तिसऱ्या कमानीवर रंगवलेल्या जुन्या चित्राच्या वर हातभर ओल दिसली, आणि माझे पुढचे सगळे शनिवार तिथेच गेले.

छतावरची पन्हळ तुंबली आहे, पावसाआधी साफ केली नाही तर चित्र हातचं जाईल, असं त्यांनी तिथल्या व्यवस्थापक बाईंना तीनदा सांगितलं. बाईंनी तिन्ही वेळा गोड हसून आभार मानले. मग काकांनी ‘रिस्पेक्टेड मॅडम’पासून सुरू होणारा चार पानी रिपोर्ट नकाशासकट दिला. ढिम्म काही हललं नाही. व्हिसा संपला. विमानतळावर मुलगा, सून, नातू सोडून हा माणूस मला म्हणतो, "चित्राकडे लक्ष ठेवजो."

दोनच आठवड्यांत बाईंचा फोन आला. पाऊस झाला होता, ओल चित्राला टेकली होती, आणि ते इंजिनिअर कुठे आहेत? शनिवारी सकाळी मी तिथे उभा राहून नागपूरला फोन लावला आणि छतावर चढलेल्या कामगाराला काकांचे हुकूम इंग्रजीत सांगत राहिलो. डावीकडे दोन फूट. कौल उचल. हात घाल. कुजलेल्या पानांचा हा एवढा लगदा निघाला आणि पन्हळ वाहती झाली. चित्र वाचलं.

काकांना सांगितलं, तर पाणी नीट वाहतंय ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "तेहतीस वर्षं असे रिपोर्ट लिहिले बेटा. रिपोर्टावरून कोणी शिडी लावली, ते आज पहिल्यांदाच."

बाई विचारत होत्या, काय म्हणतात? मी एवढंच सांगितलं, साहेब खूश आहेत.