नबवियाच्या छातीतली जाळी

...खोकल्याचं राहू दे पोरी, आधी मी सांगते ते भट्टीचं लिही. तर आपल्या गल्लीच्या टोकाची नबविया. तिच्या रोटीला आतून जी जाळी पडायची ना, तशी अख्ख्या गावात कुणाच्या रोटीला पडली नाही. मातीच्या थाळ्यांवर आंबवलेल्या कणकेचे गोळे उन्हात ठेवायचे, टम्म फुगले की भट्टीच्या खोलीत शिरायचं आणि दार लावून घ्यायचं. खोलीला खिडकी नाही, धुराडं नाही. भाजताना परक्याची नजर पडली की रोटी बसते, म्हणून तिच्या सासूनं भोकन् भोक लिंपून टाकलेलं. नबवियानंही तसंच ठेवलं. चाळीस वर्षं गोवऱ्या, उसाचं पाचट आणि तो धूर.

मग कोरडा खोकला सुरू झाला, मग दम लागायला लागला. आधी गच्चीवर चढताना, मग अंगणात, मग डोक्याला रुमाल बांधतानासुद्धा. ओठांचा चंबू करून श्वास सोडायची. छाती रांजणासारखी फुगलेली, बाकी अंग काडी. बाया म्हणाल्या, "खाला, तुला नजर लागली!" मग काय, निखाऱ्यांवर ऊद टाकला, तुरटी टाकली आणि दार लावून तिला धुरावर बसवलं. सात शुक्रवार! निखारे मीच नेऊन दिले होते. लिही, लपवू नकोस.

तिला स्वतःचं फार नव्हतं गं. पण सून रतीबा, पोटुशी, त्याच खोलीत बसायला लागली आणि एक दिवस खोकली. तसाच कोरडा खोकला. नबविया तशीच उठली. लेकाला म्हणाली, "बखीत, मला शहरात दाखव. माझं कळलं तर हिचंही कळेल."

इरिनी नावाची डॉक्टरीण होती तिथं. तिनं मानानं विचारलं, "हाज्जा, सिगरेट, हुक्का?"

"तोबा! आमच्या सात पिढ्यांत बाईनं ओढला नाही."

"मग चूल?"

"चूल कसली, भट्टी! चाळीस वर्षं."

"खिडकी आहे?"

"खिडकी ठेवली तर नजर नाही का पडणार, बाई!"

डॉक्टरीण उठून तिच्या मागं आली. मग पाठीवर बोटं ठोकली, तर रिकाम्या घागरीसारखा आवाज. नळीत फुंकायला लावलं. "सोडा, सोडा, अजून सोडा!" बखीत म्हणतो, "अम्मा, आमच्यावर ओरडताना बरा पुरतो दम!" पण हवा आत जाई, बाहेर यायचं नावच घेईना.

मग एक्सरे काढला, उजेडावर धरला. नबवियानं आपलं आतलं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. दोन काळीभोर, लांबच लांब फुप्फुसं. त्यांच्या फुगण्यानं छातीखालचा श्वासाचा पडदा सपाट झालेला आणि मधे काळीज बिचारं चिंचोळं होऊन लोंबतंय.

"हे माझं?"

"तुमचंच. यात कोट्यवधी बारीक फुगे असतात, हाज्जा. धुरानं त्यांच्या भिंती फाटल्या, चारांचा एक झाला. हवा आत अडकून बसते ती त्यामुळे."

नबविया बघतच राहिली. "म्हणजे माझ्या छातीत रोटी होती? आणि भोकात भोक मिसळून तिची जाळी गेली?"

"अगदी तसंच."

"सुभानल्ला! एवढी बारीक जाळी! माझ्या हाताला ती कधी जमली नाही. वरच्यानं फुकट दिली, आणि मी ती धुरात ठेवली!"

"फाटलेलं शिवता येत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "उरलेलं सांभाळायचं. ओढायचं औषध देते, पण धुरात पाऊल नाही."

"आणि सून?"

"तिला आणा, तिलाही फुंकायला लावू. तिची जाळी शाबूत असेल अजून. पण खोली तीच राहिली तर नाही टिकायची."

घरी आली ती कुदळ घेऊनच भिंतीपाशी. बखीतला हात लावू देईना. तीन घाव घालायची, बसायची, ओठांचा चंबू करायची, पुन्हा तीन घाव.

"अम्मा, नजर पडेल ना!" रतीबा रडवेली झाली.

"पडू दे! रोटी बसली तर उद्या दुसरी होईल. तुझी छाती कुठून आणू?"

भिंत फुटली. रतीबानं भट्टी पेटवली आणि धूर असा सुटला बाहेर, जसा चाळीस वर्षं दाराशी ताटकळत होता! गावभरच्या बाया भोकातून वाकून बघत होत्या, तरी रोटी फुगली.

लिहिलंस? आता नदीपलीकडे जाशील तेव्हा हे तुझ्या धाकट्या मावशीला वाचून दाखव. तिचीही भट्टीची खोली मी या हातांनी लिंपली होती. सांग तिला, भोक खाली नको, वर छताजवळ पाड, धूर वरच चढतो. आणि आजच पाड म्हणावं.