फुटपाथवरचा उतार

मी पालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालो, तरी विद्यानगरातले ओळखीचे लोक मला अजून विचारतात, शहराचा कायदा म्हणजे नक्की काय? मी आनंदाने सांगतो. मोठा कायदा विधानसभा करते, त्याखालचे नियम सरकार करतं, आणि पायरी किती पुढे काढायची, कचरा कुठे टाकायचा असले बारीकसारीक ठरवणारे ते उपविधी. ते पालिका स्वतः करते. आमच्या ऑफिसात सगळे त्यांना बायलॉजच म्हणत. आधी मसुदा छापून हरकती मागवतात. हरकत कोणी घेत नाही, कारण मसुदा कोणी वाचतच नाही. मग तो लागू होतो आणि सगळे बोंब मारतात. इथपर्यंत येईतो विचारणारा घड्याळाकडे बघायला लागलेला असतो.

बायको होती तेव्हा ती तरी ऐकायची. ती गेली. मुलगा पुण्यात. नातू फोनवर "आजोबा, हाऊ आर यू?" म्हणतो, मी "फाइन" म्हणतो, झालं बोलणं. एकटेपणाची मला सवय झालेली नाही, आणि ती होईल असं वाटतही नाही.

खरं बोलणं व्हायचं ते समोरच्या अक्कांशी. त्या नांदेडकडच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, चाकाच्या खुर्चीत. त्यांच्या दाराला दोन पायऱ्या, आणि ते थेट फुटपाथवर उघडतं, म्हणून त्यांच्या मुलाने दारापासून सिमेंटचा उतार करून घेतला होता. रोज संध्याकाळी सून त्यावरून खुर्ची उतरवून माझ्या फाटकाशी आणून लावायची.

"काय ओ भाऊ, आज बी दहीभातच खाल्लाव का?" अशी सुरुवात. मग अंधार पडेपर्यंत गप्पा.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर इडली-डोशाचं एक टिफिन सेंटर आहे. त्याने शेगडी आणि टेबलं फुटपाथवर मांडली, लोक रस्त्यातून चालायला लागले, आणि एके दिवशी एका स्कूटरच्या धक्क्याने मला चांगलंच खरचटलं. माझं डोकं फिरलं. घरी येऊन तक्रार लिहिली.

ऑफिसातली एक सवय हाडीमासी खिळलेली आहे. तक्रारीत एकाचं नाव घालायचं नाही, नाहीतर लोक म्हणतात, खुन्नस काढली. म्हणून मी लिहिलं, "या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतची सर्व अतिक्रमणे." लिहिताना खिडकीतून तो उतार समोर दिसत होता. पण मला ते अतिक्रमण वाटलंच नाही. तो अक्कांचा उतार होता.

चार दिवसांनी माणसं आणि मशीन आली. रस्त्यावरच्या अतिक्रमणाला नोटीस लागत नाही, हे मीच कितीजणांना शिकवलं होतं. टेबलं ट्रकमध्ये गेली, आणि अर्ध्या तासात उतारही फोडला. मी फाटकाशी उभा होतो.

आठवड्याने टिफिनवाल्याची टेबलं परत आली. सिमेंट परत येत नाही. दोन उंच पायऱ्यांवरून खुर्ची उतरवणं एकट्या सुनेच्या आवाक्यातलं नाही, आणि अक्कांचा मुलगा लांब दिलसुखनगरच्या दुकानातून रात्रीच घरी येतो. माझ्या संध्याकाळी एकदम लांबल्या.

शेवटी मनाचा हिय्या करून मीच त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. अक्का खिडकीशी बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"भाऊ, बरं झालं आलाव. तुम्ही हापिसातले. त्या उतारासाठी एक अर्ज लिवून द्या की."

मी म्हणालो, देतो. असा अर्ज मंजूर होत नाही, हे मला माहीत होतं.

"आन् कोण केलं असंल ओ हे?" त्या म्हणाल्या. "रिकामटेकडा असंल कोणी. घरात बोलाया माणूस नसंल मुडद्याला."

"नसेल," मी म्हणालो. त्यांच्यासमोर तेवढंच खरं मला बोलता आलं.