लांबनं आवाज द्यायचा

"हात दावा."

दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मेजर पहिल्यांदा हेच म्हणायचे. या नाही, बसा नाही, काय पाहिजे ते तर नाहीच. समोरच्याचा उजवा हात आपल्या हातात घ्यायचे, अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायचे आणि मूठ वळवून बघायचे. एकदा कोरेगावचा एक अडत्या म्हणाला, "मेजर, परदेशगमनाचा योग आहे का बघा की." मेजर न हसता म्हणाले, "योगाचं ठावं न्हाई, पर तुमची बोटं आखूड हायती. ह्ये मोठं पिस्तूल तुमाला न्हाई झेपायचं."

आमचं दुकान साताऱ्यात, बंदुकांचं. वडिलांनी काढलेलं, आता मी चालवते. बाई बंदुका विकते म्हटल्यावर लोक आधी माझ्याकडे बघतात, मग बाहेर जाऊन पाटी वाचून येतात. तुम्हीही तेच कराल, मला आता राग येत नाही. पूर्वी फार यायचा.

मेजर हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. ते हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पलटणीतली हत्यारं दुरुस्त करण्यात उभी नोकरी गेलेली. पण आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. चौदा वर्षं ते आमच्याकडे होते. दुकान माझ्या नावावर आणि चालायचं त्यांच्या शब्दावर, हे मी कबूल करून टाकते.

पाचगणीचा एक हॉटेलवाला आला होता. नवीन लायसन, नवीन उत्साह. मोबाइलवर एका काळ्या पिस्तुलाचा फोटो काढून आणलेला. म्हणाला, "घराच्या रक्षणाला पाहिजे, आणि रविवारी जरा नेमबाजीही शिकीन म्हणतो. दोन्हीला चालेल असं एकच द्या."

"नांगराला आन् शर्यतीला एकच बैल जुपता का तुमी?" मेजरांनी विचारलं. "कागदावर मारायचं तर बावीस बोअर घ्या. धक्का न्हाई, हात निवांत शिकतोय. घरात ठेवायचं तर बत्तीस. पर पयलं हत्यार पिस्तूल नगं, रिव्हॉल्व्हर घ्या. पिस्तूल लय आतल्या गाठीचं. मॅगझिन काढलं तरी एखादी गोळी पोटात दडवून बसतंय. रिव्हॉल्व्हर उघडलं की सगळं डोळ्याम्होरं."

मग चौकशी सुरू. घरात कोण कोण? कपाटाची किल्ली कुणाकडे? पिणारं कोणी? भांडखोर कोणी? एखाद्याची उत्तरं आवडली नाहीत तर सरळ म्हणायचे, "तुमी कुत्रं पाळा." मी कितीदा चिडले असेन! गिऱ्हाईक हाकलायला पगार देते का मी? ते शांतपणे चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "ताई, ह्यो काय मिक्सर हाय का?"

आणि शेवटी, पावती झाल्यावर, त्यांचा तो नियम. "आजपास्नं घरी जाताना लांबनं आवाज द्यायचा. 'मी हाय' म्हणायचं. ज्या घरात हत्यार हाय त्या घरात गुमान शिरायचं न्हाई. भ्यालेल्या माणसाला आपलं-परकं कळत न्हाई. म्हणा बघू, मी हाय."

चांगले चांगले बागायतदार, सरपंच, एक तर निवृत्त मुख्याध्यापक, सगळे आमच्या काउंटरपाशी उभं राहून शाळेतल्या पोरांसारखे पुटपुटायचे, "मी हाय." मी वहीत तोंड खुपसून हसायची.

मेजरांच्या स्वतःच्या घरात मात्र हत्यार नव्हतं. दिवसभर ह्यांच्यातच असतो, घरी कशाला, असं म्हणायचे. घर म्हणजे उंब्रजच्या पुढे, हायवे सोडून आत, उसातली वस्ती. ते आणि त्यांची बायको, आमच्या मावशी, दोघंच. मुलगी सांगलीला दिलेली.

रविवारी ते नव्या गिऱ्हाइकांना घेऊन सांगलीला नेमबाजीच्या रेंजवर जायचे. अशाच एका रविवारी, भरदुपारी, ऊस डोक्याच्या वर गेलेला असताना तीन माणसं वस्तीवर आली. कुत्र्याला आधीच काहीतरी खायला घालून मारलेलं. मावशींच्या कानातले झुबे त्यांनी ओढून नेले. फिरकी काढण्याइतकाही दम नव्हता मेल्यांना. दोन्ही पाळ्या फाटल्या.

मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा मावशी एकच वाक्य बोलत होत्या. "कुत्रं भुकलं न्हाई गं. कुत्रं भुकलं असतं तर मी कडी लावली असती."

त्यानंतर मावशींची झोप गेली. रात्रीची गेली आणि दुपारचीही गेली. नवं कुत्रं आणलं, दाराला लोखंडी पट्टी ठोकली, काही उपयोग नाही. दाराआड कोयता घेऊन बसायच्या. मुलीकडे जा म्हटलं तर म्हणायच्या, "माजं घर सोडून मी का जाऊ? मी काय चोरी केलीय?" मेजर दुकानात यायचे ते डोळे खोल गेलेले. एकदा एक स्क्रू शोधत होते, तो त्यांच्याच दुसऱ्या हातात होता.

एक दिवस स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. "ताई, कारभारणीच्या नावानं अर्ज लिवा." एवढंच म्हणाले. हजारो हत्यारं हाताखालून गेलेला माणूस, आणि स्वतःच्या घरासाठी पहिलं मागताना मान वर करत नव्हता.

लायसनला वर्ष जायला आलं. मावशींना एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत नेलं. एका साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्हाला कशाला हो हत्यार?" मावशींनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कान दाखवले. साहेबांनी पेन उचललं.

मग त्या दुकानात आल्या. मेजर काउंटरच्या पलीकडे उभे, आणि सवयीने तोंडातून गेलंच, "हात दावा."

"आगं बाई!" मावशी म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाली लग्नाला, आन् आत्ता हात बघताय व्हय?"

त्या घटनेनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. मेजरांनी हात घेतला, बेचकं मोजलं, मूठ वळवली, आणि मग सोडलाच नाही. लहानसा हात, खुरप्याने घट्टे पडलेला. दुकानातल्या एकाही हत्याराची मूठ त्याला बसेना. शेवटी एक बत्तीसचं रिव्हॉल्व्हर निवडलं आणि त्याची लाकडी मूठ मेजर चार दिवस पॉलिशपेपरने घासत बसले. मध्येच डोळे मिटून स्वतःची बोटं मावशींसारखी आखडून धरून बघायचे.

रेंजवर मावशींनी मधला काळा गोल बघितला आणि म्हणाल्या, "ही भाकरी कुणी जाळली?" पण सहातल्या चार गोळ्या त्या जळक्या भाकरीत घातल्या. परत येताना गाडीत मेजरांच्या खांद्यावर डोकं टाकून सांगलीपासून उंब्रजपर्यंत झोपल्या. मेजर तेवढा वेळ हललेसुद्धा नाहीत.

तेव्हापासून मेजर रोज घरी जाताना वस्तीअलीकडच्या कालव्याच्या पुलावर थांबायचे आणि हाक द्यायचे, "मी हाय गंऽ!" आतून "या" आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाहीत. मावशी पुन्हा झोपायला लागल्या. चेहऱ्यावर जरा तजेला आला.

मग निवडणुका लागल्या. तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगते. आचारसंहिता लागली की लायसनवाल्यांनी हत्यारं जमा करायची. कोणी ठाण्यात करतात, कोणी आमच्यासारख्या दुकानात. मेजर एकेकाचं हत्यार उघडून बघायचे, चिठ्ठी बांधायचे, कपाटात ठेवायचे. ज्याला खरंच धोका आहे त्याला अर्ज करून सूट मागता येते. मी म्हटलं, "मेजर, मावशींचा अर्ज करू या. त्यांचे कान बघितल्यावर कोण नाही म्हणेल?"

"न्हाई ताई. समद्यांची मी ह्या हातानं काढून घेतोय. आन् माजं तेवढं घरात ठिवू?"

"अहो, पण मावशी..."

"नियम म्हंजी नियम."

मी आणखी रेटायला हवं होतं. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये होता. नाही रेटलं. म्हटलं, म्हातारा हट्टी आहे, जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मावशींनी स्वतः आणून दिलं ते, फडक्यात गुंडाळून. काउंटरवर ठेवलं तरी हात काढून घेईनात. मेजरांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

आठवडा गेला. मावशींची झोप पुन्हा उडाली. मेजर म्हणाले, "डोळा लागतोय न लागतोय तवर उठून बसती."

त्या दिवशी नाक्यावर कुणाची तरी सभा होती, रस्ता बंद, गिऱ्हाईक फिरकणं शक्य नव्हतं. दुपारी दोनला मीच म्हणाले, "मेजर, जा तुम्ही. तुम्ही जवळ असलात तर मावशींना झोप तरी लागेल." त्यांनी डबा उचलला. "फोन करून सांगू का?" मी विचारलं. "नगं, झोपली असंल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. संध्याकाळी मुलीचा फोन आला. कडबा तोडताना कोयता लागला, उजव्या हाताची दोन बोटं गेली, कराडला दवाखान्यात आहेत.

चार जनावरं विकून त्यांना दोन वर्षं झाली होती. कसला कडबा? मी तशीच गाडी काढली.

मुलीला चहाला पाठवून मेजरांनी मला सांगितलं. पुलापाशी आले. हाक द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"हत्यार तुमच्या कपाटात हुतं ना ताई. म्हनलं, आज कशाला आवाज? चार दिसानं तिचा डोळा लागला असंल, उठंल. चप्पल काढून हातात घेतली. गुमान गेलो." मग छताकडे बघत म्हणाले, "कुत्र्यानं मला वळाकलं. भुकलं न्हाई. नुसती शेपूट हालवली."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"तिला आतनं पावलं आयकू आली, आन् कुत्रं गप. तिला ते तिघंच वाटलं. कडी काढायला दाराच्या फटीतनं हात आत घातला आन्..." त्यांनी पट्टी बांधलेला हात जरा उचलला. "रगात उंबऱ्यावर पडलं तवा तिला मी दिसलो. मीच म्हनलं, चुकलं गं माजं, आवाज द्यायला पायजे हुता. हत्यार जमा केलं हुतं ताई. तिचं भ्या कुटं जमा केलं हुतं?"

गेलेल्या दोन बोटांत तर्जनी होती. चौदा वर्षं साताऱ्यातले सगळे हात मोजणारं बोट.

मी त्यावर दोन्ही बाजूंनी विचार करून थकले. सूट मिळाली असती तर मेजरांनी नेहमीसारखी हाक दिली असती आणि काही झालं नसतं. किंवा एखाद्या दिवशी विसरले असते आणि दाराआड कोयत्याच्या जागी रिव्हॉल्व्हर असतं. रात्र रात्र मी हेच घोळवलं.

मावशींनी त्या दिवसापासून हातात काही धरणं सोडलं. विळी नाही, उलथनं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा नाही. मेजर डाव्या हाताने भाकरी थापायचे. वेडीवाकडी व्हायची, आणि घास करून मावशींना भरवायचे.

निकाल लागले, लोक आपापली हत्यारं घेऊन गेले. मेजर एकदाच आले, मावशींचं लायसन परत करण्याचा अर्ज घेऊन. उजवा हात टॉवेलमध्ये गुंडाळलेला. म्हणाले, "ते रिव्हॉल्व्हर इकून टाका ताई." मला रडू आवरेना. मी म्हटलं, "मेजर, हात दावा."

त्यांनी लहान मुलासारखा तो हात पाठीमागे नेला. "र्‍हाऊ द्या," म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.

रिव्हॉल्व्हर विकायचा मी खूप प्रयत्न केला. मूठ इतकी बारीक घासलेली आहे की कोणाच्याच हाताला बसत नाही. अजून कपाटात आहे.

पावसाळ्यात मी त्यांची हत्यारं दुरुस्तीची पेटी पोचवायला वस्तीवर गेले. दोघं अंगणात बाजेवर शेजारी शेजारी बसलेले. खांद्याला खांदा लागलेला. तरीही दर थोड्या वेळाने मेजर हळूच म्हणायचे, "मी हाय गं." मी तासभर होते, तासभर हेच चाललं होतं.

थंडीत मेजर गेले. उंब्रजच्या स्टँडवर, मावशींची औषधं घेऊन एसटीची वाट बघत बाकावर बसले ते उठलेच नाहीत. छातीत कळ आली असणार, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेले. कालव्याच्या पुलावर गाडी थांबवली आणि लांबूनच ओरडले, "मावशी, मी हाय!" माझा मलाच आवाज ओळखू येईना. बऱ्याच वेळाने आतून "ये" आलं.

मुलगी चुलीपाशी होती. मावशी दारात आल्या, पदर खांद्यावर, फाटके कान उघडे. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे पुलाकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी माझा हात धरला. किती महिन्यांनी त्यांनी काहीतरी हातात धरलं होतं.

"ह्यांनी का गं आवाज दिला न्हाई?" त्यांनी विचारलं.