रस्त्यापलीकडून बघायची पाटी

ऑफिसातले किस्से म्हणजे पँट्रीतले प्लास्टिकचे डबे. कोणाचं झाकण कोणाच्या डब्यावर बसलंय, काही पत्ता नसतो, पण प्रेस उघडलं की धाडकन अंगावर! प्रेस म्हणजे कपाट हो. सात वर्षं आयर्लंडमध्ये काढलीत, जीभ थोडी बिघडणारच.

डून लेरी गावात आमचा पाट्यांचा स्टुडिओ. माणसं तीन: मालकीण ईफा, मदुराईचा सेंथिल आणि मी पुण्याची. सगळ्यात जास्त किस्से सेंथिलच्या अप्पांचे, म्हणजे वडिलांचे. ते आता वाढायचे नाहीत. म्हणून आहेत तेवढे सांगून टाकते.

*

गावात नवी तमिळ खानावळ निघणार होती. पाटीवर नाव तमिळमध्येही आणि इंग्रजीतही, पण दोन्ही लिप्या एकाच घरातल्या वाटल्या पाहिजेत. ईफाने उत्साहाने एक नमुना आणला. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर चक्क आपली शिरोरेघ!

"इंडियन लुक! ग्रँड, ना?"

सेंथिलने शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "छप्पर यांच्या अक्षरांना असतं. आम्ही उघड्यावर राहतो."

पुढे आठवडाभर मी त्याला 'बेघर' म्हणत होते.

*

त्याच सुमारास अप्पा तीन महिन्यांसाठी आले. चाळीस वर्षं मदुराईत दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस! सेंथिलने मोठ्या हौसेने स्क्रीनवर डिझाइन उघडलं. अप्पांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तमिळमध्ये काहीतरी पुटपुटले आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले. भर पावसात!

"पाटी जवळून बघायची नसते म्हणतात," सेंथिल म्हणाला. "गिऱ्हाईक रस्त्यापलीकडून येतं."

मग काय, मी आणि ईफाने मॉनिटर उचलून खिडकीशी धरला. वायर पुरेना. ईफा टेबलाखाली शिरली. तेवढ्यात एक बस मध्येच थांबली आणि ड्रायव्हर आमची मजा बघायला लागला. अप्पांनी त्यालाच दटावून पुढे काढलं, मिनिटभर पाहिलं, आत आले आणि चहा मागितला.

"नापास," सेंथिल म्हणाला.

*

अप्पांबरोबर फिरायला जाणं म्हणजे शिक्षा. हा 'एस' पोटात गेलाय, ती ओळ डावीकडे झुकलीय. एकही पाटी सुटायची नाही! फक्त एका जुन्या पबसमोर ते थबकले. हाताने रंगवलेली, उन्हापावसाने विटलेली पाटी. बराच वेळ बघत राहिले आणि तीनच शब्द बोलले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"हा हात कोणाचा." सेंथिल खाली बघत होता. "त्यांच्याकडे शाबासकी एवढीच. मला अजून एकदाही विचारलेलं नाही."

*

सतराव्या ड्राफ्टला माझं डोकं फिरलं. "अरे, गिऱ्हाईक खूश, ईफा खूश! आता काय अप्पांचं सर्टिफिकेट हवंय?"

"हो," तो म्हणाला.

मग आपणहून सांगायला लागला. लहानपणी तो अप्पांची शिडी धरायचा. अप्पा रस्ता ओलांडून पाटीकडे बघायचे. शिडी धरलेला मुलगा खालीच असायचा, त्याच्याकडे नजर कधी आली नाही. मला माझ्या तोंडाची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी मी माझी पुरणपोळी त्याला देऊन टाकली.

अठरावा ड्राफ्ट त्याने कॉम्प्युटर बंद करून ब्रशने काढला.

*

पाटी रंगवून झाली त्याच आठवड्यात अप्पांच्या हृदयाने दगा दिला. टॅला भागातल्या हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर ठेवलं. डॉक्टर आपला नागपूरचा निघाला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, जे काय दाखवायचं, बोलायचं असेल ते आजच."

आठ फुटांची पाटी वर कशी नेणार? ईफा म्हणाली, "व्हॅन काढते."

कार पार्कमध्ये एक टोक सेंथिलने धरलं, एक मी. वर नर्सने अप्पांची खुर्ची खिडकीशी आणली आणि फोन त्यांच्या तोंडाशी धरला. खाली फोन ईफाच्या हातात, स्पीकरवर. अप्पांनी हात हलवला: मागे. आम्ही मागे. अजून मागे! शेवटी रस्ता ओलांडून बस स्टॉपपाशी पोचलो. वारा असा, की पाटीसकट उडतोय की काय! बसची वाट बघणारे लोक गपचूप बाजूला झाले.

अप्पा बघत होते. माझे हात भरून आले, तरी बघतच होते.

मग फोनमधून बारीक आवाज आला. तीन शब्द. एव्हाना ते मलाही पाठ होते.

"हा हात कोणाचा?"

सेंथिलने पाटीचं टोक सोडलं आणि शाळेत हजेरी दिल्यासारखा उजवा हात वर केला. पाटी माझ्या अंगावर कलली. फोनमधून अप्पा खेकसले. तेवढं तमिळ कोणालाही कळलं असतं: पाटी धर आधी!

सेंथिलचा हात वरच.