इंग्रजांचे चार

माझी आत्या येडगावात एकटी राहते. तिच्या भिंतीवरचं घड्याळ दिवाळीपासून बंद होतं, कारण त्यात घालायचा सेल आणायचं काम माझ्याकडे होतं. मी दर रविवारी जायचो आणि दर रविवारी विसरायचो.

पण मला दुसरी एक विद्या येते. रात्री फुलणाऱ्या फुलांच्या नावांची कुळकथा मी सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. निशिगंध बाजारात गेला की गुलछडी कसा होतो, हे मी लग्नाच्या पंगतीत सांगितलेलं आहे. आपला गुलबास म्हणजे मुळात गुल-ए-अब्बास, अब्बासचं फूल, हे जुन्नरच्या एका अत्तरवाल्या चाचांकडून कळल्यावर मी आत्याला तीनदा ऐकवलं. तिच्या न्हाणीच्या पाण्यावर गुलबास नुसता माजलाय, त्यामुळे विषय निघायला वेळ लागत नाही.

फाल्गुनात डॉक्टरांनी तिला प्रेशरची गोळी रोज चारला घ्यायला सांगितली. तिने मला सेलची आठवण करून दिली. मी म्हणालो, "घड्याळ कशाला, आत्या? इंग्रज गुलबासाला चार वाजताचं फूल म्हणतात. उमललं की गोळी घ्यायची."

शिकलेला भाचा म्हणून तिने ते मानलं.

वैशाखात तिला नारायणगावला दाखवायला नेलं, तर प्रेशर वाढलेलं. गोळी चुकते का, असं डॉक्टरांनी विचारलं. एक दिवस चुकवली नाही, रोज चारच्या ठोक्याला, असं आत्याने सांगितलं. ती कधी खोटं बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, मग डोस दुप्पट करू, आणि त्यांनी पेन उचललं.

आदल्याच दिवशी साडेपाचला मी तिच्या अंगणात चहा पीत होतो. गुलबासाच्या कळ्या तेव्हा मिटलेल्याच होत्या. चहा चांगला झाला होता, त्यामुळे मी फार विचार केला नव्हता.

आता केला. गप्प बसलो तर माझी विद्या शाबूत राहत होती आणि आत्याच्या पोटात दुप्पट औषध जाणार होतं. निर्णयाला लागायला हवा होता त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं, अब्बासपासून.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "डोस तोच राहू द्या. फुलाची वेळ रोज हलते, गोळीची हलायला नको. आधी सेल घाला."

बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "मंग इंग्रजाच्यात चार वाजत्यात तरी कवा?"

मी समजावलं, की ऊन उतरलं की ते फूल उमलतं, त्यांच्याकडे ऊन लवकर उतरत असेल.

"त्यांनी त्यांच्या उन्हावर नाव ठिवलं," ती म्हणाली. "तू कुनाच्या उन्हात ऱ्हातो रं?"

सेल त्याच दिवशी घातला. पुढच्या खेपेला प्रेशर जागेवर आलेलं होतं. आता आत्या घड्याळात चार वाजले की गोळी घेते. मग पावणेसहाच्या सुमाराला न्हाणीकडे बघते, "वाजलं गं बाई इंग्रजाचं चार," म्हणते आणि चहा टाकते. रविवारी मी असलो तर जरा मोठ्याने म्हणते.